वाळवंट, कृष्णधवल फिल्म आणि लाल फिल्टर: गरज की खोड?

झोनपाच:
वाळूच्या टेकड्या दिसल्या की लेन्सवर २५ नंबरचा लाल फिल्टर चढवायचा, ही खोड मोडायला हवी. उघड्या वाळवंटात सावलीला उजेड मिळतो तो मुख्यतः निळ्या आभाळाकडून. लाल फिल्टर निळा अडवतो, म्हणजे आभाळाबरोबर सावल्याही काळ्या ठिक्कर! पिवळसर-तांबूस वाळू मात्र उजळते. मधल्या करड्या छटांत वाळूचा पोत असतो, नेमक्या त्याच हरवतात. ८ नंबरचा पिवळा पुरे, त्यात एकच स्टॉप (म्हणजे निम्मा उजेड) जातो.

लालबुंद:
सावल्या रिकाम्या येतात त्या एक्स्पोजर चुकल्यामुळे, बिचाऱ्या फिल्टरवर खापर कशाला? बरेच जण फिल्टर लावून कॅमेऱ्याच्या मीटरने मोजतात. लाल उजेडाला मीटरचा सेल आणि फिल्म सारखाच प्रतिसाद देतील याचा भरवसा नसतो, त्यामुळे निगेटिव्ह पातळ (कमी उजेड मिळालेली) येऊ शकते. फिल्टर काढून सावलीवर स्पॉट मीटर (छोट्याशा भागाचाच उजेड मोजणारा) लावा, रीडिंगपेक्षा दोन स्टॉप कमी करून ती झोन ३ वर (गडद, पण पोत दिसेल अशा छटेवर) बसवा, मग फिल्टरचे तीन स्टॉप वाढवा.

झोनपाच:
तीन स्टॉप हा आकडा साधारण दिवसाच्या उजेडाचा. निळ्या सावलीचा उजेड हा फिल्टर त्याहून जास्त खातो. तुम्ही झोन ३ वर बसवलेली सावली फिल्मवर झोन २ च्या आसपास उतरते.

लालबुंद:
हे मान्य. मग आणखी एक स्टॉप द्या आणि डेव्हलपिंग कमी करा. एफपी४ प्लस १२५ फिल्मला, आयडी-११ डेव्हलपरमध्ये १+१ (तितकंच पाणी घालून), २० अंशांना ११ मिनिटं लागतात. ती ९ वर आणा. सावली भरते, उजळ वाळूही छपाईत आवाक्यात राहते.

झोनपाच:
म्हणजे एकूण चार स्टॉप गेले, आयएसओ १२५ ची फिल्म ८ वर आली. भर उन्हात एफ/१६ ला १/८ सेकंद, सूर्य कलल्यावर अर्धा. टेकडीच्या माथ्यावरून वाळू उडत असेल तर कड धूसर होते. शिवाय ट्रायपॉडचे पाय खचत असतात, ते वेगळंच.

लालबुंद:
सूर्य कलला की उजेडच तांबडा होतो. तेव्हा उन्हातल्या वाळूसाठी दोन-अडीच स्टॉप भागतात.

मधलाग्रे:
दोघेही आभाळ निळंशार धरून चालला आहात. हवेत धूळ असेल तर आभाळ पांढरट असतं, आणि पांढऱ्यावर लाल फिल्टरची मात्रा फारशी चालत नाही. अशा वेळी क्षितिज वर घेऊन आभाळच कापावं. पोलरायझरचा (आभाळ गडद करणाऱ्या दुसऱ्या फिल्टरचा) सल्ला यायच्या आधीच सांगतो: २८ मिमीहून रुंद लेन्सवर त्याने आभाळात गडद पट्टा उमटतो. आणि दुपारी बाराला वाळूच्या लाटा कुठलाच फिल्टर दाखवत नाही, त्यांना तिरपं ऊनच लागतं.

लालबुंद:
धुळीचं पटलं. पण आभाळ स्वच्छ असेल तर माझा लालच.

झोनपाच:
निदान त्याच चौकटीची एक निगेटिव्ह पिवळ्यावरही काढा, आणि दोन्ही एकाच ग्रेडच्या (सारख्याच कॉन्ट्रास्टच्या) कागदावर छापून बघा.