इटलीतला ईस्टर : तुम्ही काय पाहिलंत?

अबोली
इटलीत शिकलेल्या, नोकरी केलेल्या, लेकीकडे राहून आलेल्या सगळ्यांना आग्रहाचं आमंत्रण. व्हॅटिकन टीव्हीवर दिसतंच. मला गल्लीतला आणि घरातला ईस्टर ऐकायचाय.

सुरुवात मी करते. फ्लॉरेन्सला ईस्टरच्या सकाळी 'स्कोप्पिओ देल कार्रो' असतो. फुलांनी सजवलेले पांढरे बैल एक भला उंच लाकडी गाडा दुओमोसमोर, म्हणजे तिथल्या मुख्य चर्चसमोर, ओढत आणतात. बैल सोडले की गाड्यापासून थेट आतल्या वेदीपर्यंत तार बांधतात. मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, 'ग्लोरिया' हे स्तुतिगीत सुरू झालं की कबुतराच्या आकाराचा बाण तारेवरून सुसाट येतो, गाड्यातली शोभेची दारू पेटवतो आणि माघारी जातो. तो नीट परतला तर पीकपाणी चांगलं, अशी तिथली श्रद्धा. शेजारच्या आजीबाईंनी तोवर माझा दंड घट्ट धरून ठेवला होता! अनोळखी पोरीचा. मग धडाधड फटाके आणि घंटा.

वसईकर
आमच्याकडे झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, नारळाच्या झावळ्या. सिसिलीत त्रापानीला हातात ऑलिव्हची डहाळी आली. तिथला गुड फ्रायडे मी जन्मात विसरणार नाही. दुपारी 'मिस्तेरी' म्हणजे देखाव्यांची मिरवणूक निघते, ती शनिवारी दुपारी देवळात परतते. लाकूड, कापड आणि सरस यांतून घडवलेले येशूच्या दुःखसहनाचे 20 देखावे, सगळे माणसांच्या खांद्यावर. बँडच्या शोकसुरांवर खांदेकरी डुलत चालतात. प्रत्येक देखावा पूर्वापार एकेका धंद्याच्या मंडळींकडे सोपवलेला: शिष्यांचे पाय धुणारा येशू कोळ्यांकडे, काट्यांच्या मुकुटाचा बेकरीवाल्यांकडे, कबरीकडे नेतानाचा मिठागरवाल्यांकडे. आमच्या वसईतही कोळी आणि मिठागरं, त्यामुळे त्या माणसांचे रापलेले हात बघून मला फार भरून आलं. रात्री थंडी वाजायला लागली तरी पाय निघेना.

मुक्काम नेपल्स
मी स्वयंपाकघरातलं सांगते. आमच्या घरमालकीणबाई पवित्र गुरुवारीच, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, 'पास्तिएरा' हा ईस्टरचा गोड पदार्थ करायला घेत. दुधात शिजवलेले गहू, रिकोट्टा, अंडी, साखर, वर संत्र्याच्या फुलांचं पाणी. वास अगदी आपल्या गव्हाच्या खिरीच्या जवळ जाणारा, फक्त वेलचीच्या जागी फुलं. वर पिठाच्या पट्ट्यांची जाळी. भाजून झाली तरी रविवारपर्यंत हात लावायचा नाही, चव मुरायला हवी. मला चाखूसुद्धा दिली नाही. आणि रविवारी पहिला तुकडा माझ्या ताटात. सोमवारी 'पास्क्वेत्ता', म्हणजे उरलंसुरलं बांधून सगळं गाव हिरवळीवर.

अबोली
वसईकर, धंद्यांची ही वाटणी मला ठाऊकच नव्हती, अजून लिहा.
आणि आब्रुत्सोतल्या सुल्मोनाला कुणी गेलंय का? ईस्टरच्या दिवशी चौकात मारियेची मूर्ती पुत्र दिसताच धावत सुटते, अंगावरचा काळा झगा गळून आतला हिरवा पोशाख दिसतो, कबुतरं उडतात. यंदा जायचं चाललंय. गर्दीत उभं कुठे राहायचं, किती वाजता पोचायचं, ते सांगा.