हरिकेनमध्ये घर सोडताना बंदूक न्यावी का, आणि न्यायची तर कोणती?

शुगरलँडकर (धागाकर्ता):

जून लागला, हरिकेनचा (चक्रीवादळांचा) हंगाम आला, की आमच्या ह्यूस्टनच्या मराठी ग्रुपवर नेहमीची यादी फिरायला लागते. पाण्याचे कॅन, टॉर्च, पासपोर्ट, बीपीच्या गोळ्या, दशम्या. यंदा कुणीतरी मध्येच विचारलं, "आणि पिस्तूल?" त्यावर एवढा धुरळा उडाला की ॲडमिनबाईंनी विषयच बंद केला. म्हणून इथे मांडतोय.

माझ्याकडे तीन हत्यारं आहेत. बारा बोअरची शॉटगन, एक एआर-१५ रायफल आणि नऊ एमएमचं पिस्तूल. (नागरिकत्व आहे, सगळं रीतसर घेतलेलं.) घर सोडायची वेळ आली तर मी फक्त पिस्तूल नेणार. लांब बंदूक घरात ठीक, रस्त्यावर लोढणं. ती खांद्याला लावून हॉटेलच्या काउंटरवर उभं राहता येत नाही, आणि गाडीत ठेवून झोपलं तर सकाळी काच फुटलेली. इथे चोरीला जाणाऱ्या बंदुकांत गाड्यांमधून उचललेल्यांचा वाटा मोठा आहे. पिस्तूल कमरेला राहतं, शर्टाखाली दिसत नाही, झोपताना कुलपाच्या डबीत जातं.

पिस्तूल कोणतं, तर मधल्या आकाराचं, ग्लॉक १९ सारखं. पंधरा काडतुसं बसतात, सुटे भाग कुठेही मिळतात. पाच गोळ्यांचं आखूड नळीचं रिव्हॉल्व्हर खिशात छान मावतं, पण त्याचा चाप जड असतो आणि त्याने नेम साधायला चांगला सरावलेला हात लागतो. बाकीची दोन हत्यारं वरच्या मजल्यावर. खालच्या मजल्यावरच्या तिजोरीच्या भरवशावर राहू नका. आगीत टिकते म्हणून विकलेली तिजोरी पाण्यात टिकेलच असं नाही.

कायद्याचं म्हणाल, तर टेक्ससमध्ये २०१९ पासून आपत्ती जाहीर झाल्यावर १६८ तास, त्या भागातून बाहेर पडताना किंवा परतताना, परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं. २०२१ पासून तर २१ वर्षं पूर्ण झालेल्या बहुतेकांना एरवीही परवाना लागत नाही. फ्लोरिडाने २०१५ मध्ये अशीच ४८ तासांची सवलत दिली. दोन्हीकडच्या आमदारांना ही गरज दिसली, ती काही उगाच नाही.

मतं सांगा. फक्त "बंदूक वाईट" एवढंच म्हणायचं असेल तर वेगळा धागा काढा.

जुनी_ह्यूस्टनकरीण:

असहमत, आणि वेगळा धागा काढणार नाही.

२००५ ला रीटा हरिकेन आलं तेव्हा मी इथेच होते. न्यू ऑर्लिन्स बुडवणाऱ्या कतरिना हरिकेनला महिनाही झाला नव्हता, तिथली दृश्यं टीव्हीवर ताजी होती, त्यामुळे अख्खं शहर एकदम बाहेर पडलं. पंचवीस-तीस लाख माणसं. डॅलसचा चार तासांचा रस्ता कापायला लोकांना चोवीस तास आणि त्याहूनही जास्त लागले. पेट्रोल पुरवायचं म्हणून एसी बंद, बाहेर रणरणतं ऊन, पंपांवर टिपूस नाही. शंभरावर माणसं गेली, त्यातली बहुतेक वादळाने नाही, त्या स्थलांतरात गेली. डॅलसजवळ विल्मरला वृद्धाश्रमातून निघालेल्या बसने पेट घेतला, आत ऑक्सिजनची नळकांडी होती, तेवीस म्हातारी माणसं त्यात गेली.

शुगरलँडकर, यातलं कोण तुमच्या पंधरा काडतुसांनी वाचलं असतं?

आणि एक. "पाण्यापासून पळा, वाऱ्यापासून लपा" हे इथले अधिकारी दर वर्षी घसा कोरडा करून सांगतात. तुमचं शुगर लँड हे ह्यूस्टनचं उपनगर किनाऱ्याच्या स्थलांतर पट्ट्यात येतच नाही. तुम्ही कशाला पळताय?

शुगरलँडकर:

ताई, हार्वे हरिकेनच्या वेळी, २०१७ ला, ब्राझोस नदीच्या पूररोधक बांधांआतल्या वस्त्यांना आमच्या फोर्ट बेंड काउंटीने सक्तीचा आदेश दिला होता. तेव्हा पळायची वेळ आमच्यावरही येते.

पाणी, पेट्रोल, औषधं आधी, यात वादच नाही. पण किलोभराच्या पिस्तुलाने पाण्याचा एकही कॅन कमी होत नाही. दोन्ही न्या.

शिकारी_काका:

पिस्तूल कसलं घेऊन बसलात! हात थरथरत असताना पाच पावलांवरचं माणूस पिस्तुलाने चुकतं, हे रेंजवर घड्याळ लावून स्वतः बघा. आमच्या घरात वीस बोअरची शॉटगन आहे. बाराएवढा धक्का नाही, बायकोलाही चालवता येते. लुईझियाना किंवा ओक्लाहोमाकडे निघालात तर राज्याराज्याचे पिस्तुलाचे नियम कोण बघणार? १९८६ चा केंद्राचा कायदा आहेच. जिथून निघालो आणि जिथे पोचणार तिथे बंदूक कायदेशीर असली, ती रिकामी असली आणि डिकीत बंद असली, की मधल्या राज्यातून जाताना कुणी अडवू शकत नाही.

शुगरलँडकर:

काका, हा कायदा पिस्तुलालाही लागू आहे. आणि रिकामी करून डिकीत कुलपात ठेवलेली शॉटगन वाटेत नेमकी कधी उपयोगी पडणार?

शिकारी_काका:

पोचल्यावर. बंदूक मुक्कामासाठी असते हो, रस्त्यासाठी नाही. सीटबेल्ट लावून बसलेल्या माणसाने कमरेचं पिस्तूल काढून दाखवावं, मी चहा पाजतो.

आटपाडीचा_आबा:

२६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस. अख्खी मुंबई गुडघाभर, कमरेएवढ्या पाण्यातून चालत घरी गेली. लोकांनी अनोळखी माणसांना घरात घेतलं, चहा-बिस्किटं दिली. कुणाच्या कमरेला काय होतं?

शुगरलँडकर:

आबा, तिथे समोरच्याच्या कमरेलाही काही नव्हतं. इथे असतं. फरक तेवढाच आहे आणि तो मोठा आहे.

सावळा_गोंधळ:

समोरच्याच्या कमरेला असतं, बरोबर. मग समोरच्याला आपण कोण दिसतो, ते कुणीच का विचारत नाही?

कतरिनात न्यू ऑर्लिन्सच्या अल्जिअर्स पॉइंट नावाच्या वस्तीत गोऱ्या रहिवाशांनी रस्त्यात अडथळे उभारले आणि वस्तीतून चाललेल्या काळ्या माणसांवर गोळ्या झाडल्या. गोळ्या झाडणाऱ्यांतल्या एकाला शिक्षा व्हायला २०१९ उजाडलं. ४ सप्टेंबर २००५ ला तिथल्याच डॅन्झिगर पुलावर तर पोलिसांनीच निःशस्त्र लोकांवर गोळीबार केला. दोन ठार, चार जखमी. त्या दिवसांत लुटारूंच्या, बलात्कारांच्या, छपरावरच्या बंदूकधाऱ्यांच्या ज्या बातम्या चालल्या, त्यातल्या कितीतरी नंतर खोट्या किंवा फुगवलेल्या निघाल्या. पण गोळ्या त्या बातम्यांच्या भरातच सुटल्या होत्या.

आता तुम्ही रात्री एखाद्या गावाबाहेर बंद पडलेल्या गाडीशेजारी उभे आहात. सावळा रंग, चार दिवसांची दाढी, आणि वाऱ्याने शर्ट उडून कमरेचं पिस्तूल दिसतंय. समोरून ट्रक घेऊन आलेल्या माणसाला तुम्ही "रीतसर परवानगी असलेला करदाता" दिसाल की लुटारू?

शुगरलँडकर:

हा मुद्दा बोचला, पण माझं उत्तर उलटं आहे. त्याच न्यू ऑर्लिन्समध्ये पोलिसांनी घरोघर जाऊन कायदेशीर मालकांच्याही बंदुका काढून घेतल्या होत्या. इतका ओरडा झाला की पुढच्याच वर्षी, २००६ ला, आपत्तीत अशी जप्ती करता येणार नाही असा केंद्राचा कायदा झाला. पोलीसच तसे वागत असतील तर मी कुणाच्या भरवशावर राहायचं? काळ्या माणसांनी निःशस्त्र राहून काय मिळवलं?

सावळा_गोंधळ:

डॅन्झिगर पुलावरच्या गोळीबारानंतर "आमच्यावर आधी गोळीबार झाला" असा बनाव पोलिसांनी रचला. एक पिस्तूलही पुरावा म्हणून पेरलं. तिथल्या कुणाच्या हातात खरोखरच पिस्तूल असतं तर पोलिसांना तेवढीही तसदी पडली नसती.

कायदेबाज:

वरच्या वादात पडत नाही. मला दुसरीच काळजी आहे, कारण हा धागा वाचणारे निम्मे लोक एच-१बी वर असतील.

एच-१बी, एच-४, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला केंद्राच्या कायद्याने बंदूकच काय, काडतूसही बाळगता येत नाही. शिकारीचा वैध परवाना वगैरे मोजके अपवाद आहेत, ते वकिलाला विचारा. टेक्ससच्या १६८ तासांचा इथे काही उपयोग नाही. मुळात ज्यांना बंदूक बाळगायला मनाई नाही, त्यांच्यासाठीच ती सवलत आहे. ग्रीन कार्डवाल्यांचं वेगळं, त्यांना चालतं.

आणि ताबा म्हणजे फक्त हातात धरणं नव्हे. हवी तेव्हा घेता येईल अशी बंदूक आणि ती वापरायचा इरादा, एवढं पुरतं. समजा शुगरलँडकरांचा मेहुणा एच-१बी वर आहे, आळीपाळीने गाडी चालवताय, पिस्तूल मधल्या कप्प्यात आणि शुगरलँडकर पेट्रोल भरायला उतरलेत. त्या क्षणी ताबा कुणाचा? दोषी ठरला तर तुरुंग, आणि मग परत पाठवणीही.

अजून एक. रेड क्रॉसच्या निवाऱ्यात हत्यार चालत नाही. म्हणजे हॉटेलं भरलेली असली तर पिस्तूल गाडीत ठेवणार, नाहीतर स्वतःच गाडीत झोपणार. गाडीतून काय होतं ते धागाकर्त्यानेच वर लिहिलंय.

शुगरलँडकर:

मेहुणा खरंच एच-१बी वर आहे, तुम्हाला कसं कळलं देव जाणे. पण पिस्तूल कप्प्यात राहणारच नाही, माझ्या अंगावर राहील. उतरलो तर माझ्याबरोबर उतरेल. निवाऱ्यात जायची वेळ आली तर ते डबीत, डबी पोलादी दोरीने सीटच्या सांगाड्याला बांधलेली, किल्ली माझ्या गळ्यात. तरीही शंका असेल तर मेहुण्याचं कुटुंब त्यांच्या गाडीतून येईल. मिटला प्रश्न.

जुनी_ह्यूस्टनकरीण:

रीटाच्या वेळी घरटी दोन-दोन, तीन-तीन गाड्या बाहेर काढल्या होत्या लोकांनी. रस्ता तुंबला त्याला तेही कारण होतं. मेहुण्याच्या गाडीचं पेट्रोल कुठून आणणार, तेवढं लिहा.