डल्स (लाल समुद्रशेवाळ) कुठलं घ्यावं? बजेट १० पौंड

मृणाल_बेलफास्ट: इथे बाजारात डल्सच्या कागदी पिशव्या दिसतात. थालीपिठात, बटाट्याच्या भाजीत घालायचंय आणि नुसतं चघळायलाही हवंय. अख्खी पानं घेऊ, चुरा की पूड? बजेट १० पौंड, त्यावर नाही. सासूबाई सप्टेंबरात येताहेत, त्या पूर्ण शाकाहारी. त्यांना चालेल का?

खारंवारं: अख्खी पानंच घ्या. रंग गडद जांभळट लाल हवा, पान चामड्यासारखं लवचिक. कडा पिवळट पडल्या असतील तर माल जुना किंवा उजेडात राहिलेला. पानावरची पांढरी भुकटी बघून टाकून देऊ नका, ते आतले क्षार सुकताना वर येतात. बुरशी असेल तर लोकरीसारखी दिसते आणि कुबट वास मारते.

फंडीकाठची: कॅनडातल्या ग्रँड मॅनन बेटावरचं मागवा. डार्क हार्बरला उंच कड्यांच्या सावलीत वाढतं म्हणून पान जाड असतं. किनाऱ्यावरच्या गोट्यांवर पसरून वाळवतात. मी अर्धा किलोच घेते, एकदा ते खाल्लं की दुसरं रुचत नाही.

मृणाल_बेलफास्ट: ताई, पोस्टासकट १० पौंडांत कसं बसेल?

फंडीकाठची: नाही बसणार, पण चवीत तडजोड करू नये.

ओहोटी: सासूबाईंचं आधी बघू. डल्स, म्हणजे पाल्मारिया पाल्माटा, हे लाल शैवाल. त्यात मांसमच्छी काही नाही. पण ते खडकांवर आणि केल्प या मोठ्या तपकिरी शैवालाच्या दांड्यांवर वाढतं, त्यामुळे पानांच्या घड्यांत बारीक गोगलगायी आणि कोळंबीच्या जातीचे इवलेसे जीव अडकतात. पान न पान उजेडासमोर धरून बघावं लागतं. शेल डल्स म्हणून विकतात ते घेऊच नका, त्याला बाळशिंपले चिकटलेले असतात. चुरा आणि पूड तपासताच येत नाही.

खारंवारं: म्हणूनच म्हटलं, अख्खी पानं.

जेलीप्रेमी: दुधात उकळून याची खीर छान घट्ट होते. १० ग्रॅम पुरतं.

ओहोटी: डल्स घट्ट होत नाही हो. तुम्ही म्हणताय ते कॅरागीन मॉस, तेही लाल शैवालच, पण वेगळं. त्याच्यात दूध घट्ट करणारं कॅरागीनन असतं, डल्समध्ये झायलन, त्याने घट्ट होत नाही. आपल्याकडचं चायना ग्रास, म्हणजे अगार, तेही लाल शैवालांचंच, ग्रॅसिलारिया आणि जेलिडियमचं. कॅरागीन ७-८ ग्रॅम, दूध ९०० मिलि, २० मिनिटं मंद आचेवर आणि मग गाळणं. डल्स कितीही उकळा, दूध पातळच राहील, वर समुद्राचा वास लागेल.

जेलीप्रेमी: दुकानदाराने डल्स म्हणूनच दिलं होतं.

तव्यावरची: थालीपिठात, भाजीत घालायचंय, तर कृती घ्या. भिजवायचं असेल तर गार पाण्यात २-३ मिनिटं, जास्त नाही. लाल रंग पाण्यात उतरतो आणि चवही त्याच्या मागे जाते. ते गुलाबी पाणी आमटीत घाला. कुरकुरीत हवं असेल तर कोरडंच, मंद तव्यावर, मिनिट-दीड मिनिट. पान हिरवट झालं की उतरवा. लाल रंग फायकोएरिथ्रिन या प्रथिनाचा, तो उष्णतेने मोडतो आणि खालचं हरितद्रव्य दिसायला लागतं. हिरवं म्हणजे बिघडलं नाही. तपकिरी म्हणजे करपलं, ते कडू लागतं. तळणार असाल तर ५-१० सेकंदच. थालीपिठाला २ वाट्या भाजणीला ८-१० ग्रॅम, बारीक कातरून. मीठ निम्मं करा आणि मळून झाल्यावर चाखा.

पॅसिफिकवाला: तळलं की बेकनसारखं लागतं म्हणतात, त्याचं कुणी बोललंच नाही.

तव्यावरची: ती २०१५ ची ओरेगन स्टेट विद्यापीठाची गाजलेली बातमी. ते पॅसिफिकचं डल्स, जवळचं पण वेगळं शैवाल. अटलांटिकचं तळल्यावर मला सुक्या जवळ्याच्या जवळ वाटतं. सासूबाईंना वास सहन होईल का ते आधी बघा.

कोकणी_मुलूख: एवढे पैसे कशाला? आपल्या कोकणात पावसाळ्यात खडकांवर मिळतं की.

ओहोटी: ते पोर्फिरा, म्हणजे सुशीला गुंडाळतात त्या नोरीचं भावंड. डल्स थंड पाण्यातलं, कोकणात येत नाही. आणि एक गंमत: डल्सची जी मोठी पानं आपण खातो ती नर असतात किंवा बीजाणू देणारी. मादी इतकी सूक्ष्म की तिचा उलगडा १९८० मध्ये झाला, त्याआधी जीवनचक्राचं कोडं सुटतच नव्हतं.

खडकपाय: विकत घेताच कशाला? मोठ्या ओहोटीला जा. कात्रीने कापा, बुडखा आणि खालचा तिसरा हिस्सा ठेवा, पुन्हा फुटतं. समुद्राच्याच पाण्यात धुवा. गोड्या पाण्यात पेशी फुटतात, रंग गळतो आणि पान चिकट होऊन सडतं. त्याच दिवशी उन्हा-वाऱ्यात वाळवा. सांडपाण्याच्या नाल्याजवळचं किंवा मुसळधार पावसानंतरचं नको.

थायरॉइड_सांभाळा: कुणी आयोडीनचं लिहिलं नाही. कोम्बूपेक्षा (जपानी स्वयंपाकातलं केल्प) डल्समध्ये पुष्कळ कमी, तरी ५ ग्रॅममध्ये मोठ्या माणसाची दिवसाची १५० मायक्रोग्रॅमची गरज सहज ओलांडते. रोज मूठभर चघळू नका. सासूबाईंना थायरॉइडची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टर.

फंडीकाठची: ग्रँड मॅननचं मागवलंत का?

मृणाल_बेलफास्ट: सगळ्यांचे आभार. चुऱ्याची छोटी बरणी घेतली, १० पौंडांच्या बरीच आत. रोज पान न पान तपासायला वेळ नाही आणि मला ते मुख्यतः पिठात मळायचंय. सासूबाईंच्या ताटात डल्स नाहीच, त्यांच्या थालीपिठाचं पीठ आधी वेगळं काढीन. चघळायला ऑगस्टअखेरीस इथल्या किनाऱ्यावरच्या बॅलीकॅसल गावच्या लामस जत्रेत एक पिशवी अख्ख्या पानांची घेईन.

खारंवारं: चुरा नको म्हणून सांगितलं होतं.

तव्यावरची: घेतलाच आहे तर बरणी अंधाऱ्या कपाटात ठेवा, ओला चमचा घालू नका. आणि भाजणीत चुरा पानांपेक्षा लवकर ओल धरतो, त्यामुळे पाणी थोडं जास्त लागेल. आधी ५ ग्रॅमच घाला, बारीक चुऱ्याची चव सगळ्या पिठाला लागते.