‘मास्क काढा’ म्हणजे नक्की काय करायचं?

शेंगाचटणी :
नेटवर्किंगच्या वर्गासाठी मराठीत कृतिपत्रिका लिहितो आहे. त्यात एक ओळ होती : ‘पत्ता १९२.१६८.१०.७०/२६. आधी मास्क काढा, मग गेटवे भरा.’ /२६ म्हणजे पत्त्याच्या ३२ पैकी पहिले २६ बिट नेटवर्कचे; तेच आकड्यांत लिहिलं की मास्क. (गेटवे म्हणजे बाहेर जायची वाट, तो राउटर.) /२६ वरून २५५.२५५.२५५.१९२ हे उत्तर यावं, एवढीच अपेक्षा. दोघांनी चौकटीत होता तो मास्क पुसला आणि पुढे गेले. विंडोजने चौकट रिकामी ठेवली नाही, आपल्या मनाने २५५.२५५.२५५.० भरलं. आपण वर्गमूळ काढतो, लसावि काढतो, मग मास्क काढला तर काय चुकलं? आणि सबनेट, म्हणजे नेटवर्कचे छोटे भाग, ‘काढायचे’, ‘करायचे’ की ‘पाडायचे’?

कंबरतलाव :
लसावि काढताना समोर पुसण्यासारखं काही नसतं. मास्क चौकटीत असतो, आणि २०२० मध्ये तर तोंडावरही होता. ‘मास्क ठरवा’ लिहा, विषय संपला.
ही चूक लगेच दिसत नाही, तो खरा त्रास. /२४ (म्हणजे ते २५५.२५५.२५५.०) भरला गेला तरी .६५ (पत्त्याचा शेवटचा आकडा) वरचा गेटवे त्या मर्यादेत बसतो, इंटरनेट चालतं, पोरगं खूश. अडतं शेजारच्या सबनेटमधल्या .१३० वरच्या प्रिंटरपाशी. मशीनला वाटतं प्रिंटर आपल्याच आळीत आहे, म्हणून गेटवेकडे न जाता एआरपीने (आपल्याच सबनेटमधल्या मशीनचा हार्डवेअर पत्ता विचारायची पद्धत) थेट हाक मारतं. ओ येत नाही. पिंगला (समोरचं मशीन ओ देतं का बघायची आज्ञा) ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ हे उत्तर .७० वरून, म्हणजे स्वतःच्याच पत्त्यावरून येतं, ही खूण. राउटरवर प्रॉक्सी एआरपी चालू असेल तर मात्र तोच प्रिंटरच्या वतीने ओ देतो आणि चूक झाकलेली राहते.

भुईकोट :
‘पाडणे’च. प्लॉट पाडतात तसे सबनेट पाडायचे. प्लॉट पाडताना रस्त्याला जागा जाते, इथे प्रत्येक सबनेटमागे दोन पत्ते जातात : पहिला नेटवर्कचा, शेवटचा ब्रॉडकास्टचा, म्हणजे सगळ्यांना एकदम निरोप धाडायचा. /२६ मध्ये ६४, हाती ६२. आणि जमिनीचीच भाषा घ्यायची तर सबनेटला ‘उपजाल’ तरी कशाला म्हणायचं? सातबाऱ्यावर पोटहिस्सा असतो, उपहिस्सा नसतो. पोटनियम, पोटकलम, पोटभाडेकरू. तसं पोटजाळं.

अक्षरशत्रू :
‘आंतरजाल’ रुळला, त्याच्या रांगेत ‘उपजाल’ सरळ बसतो. ‘पोटजाळं’ ऐकलं की पोटातला जाळ आठवतो, धागाकर्त्याच्या नावाची चटणी जास्त झाल्यावर होतो तो.

कंबरतलाव :
प्लॉटची उपमा एका ठिकाणी फसते. प्लॉट कुठूनही सुरू करता येतो, सबनेट नाही. १९२.१६८.१०.०/२४ मधून १००, ५० आणि २० मशीनचे तीन भाग आणि दोन राउटरमधला एक दुवा पाडायचा आहे. मोठ्यापासून सुरू केलं तर ०/२५, १२८/२६, १९२/२७, २२४/३० असं ओळीने बसतं. कुणी दुव्याचा /३० आधी ० वर ठेवला, तर पुढचा /२५ चारपासून सुरू होत नाही. तो ० वर किंवा १२८ वरच बसतो. तरीही .४/२५ लिहिलंच, तर त्याचा हिशोब .० ते .१२७ असाच होतो आणि आधीचा /३० त्याच्या पोटात जातो.

भुईकोट :
पोटात जातो! माझं काम झालं.

सूतगुंडी :
उप की पोट हा वादच जुना झालाय. ऑगस्ट १९८५ च्या आरएफसी ९५० मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे दस्तऐवज) सबनेट आला तेव्हा वर पत्त्यांचे ए, बी, सी असे ठरलेल्या आकाराचे वर्ग होते आणि ‘सब’ त्या वर्गांच्या खालचा. १९९३ मध्ये सीआयडीआर, म्हणजे वर्गांशिवाय पत्ते वाटायची पद्धत, आलं, वर्ग गेले. आता सगळं नुसतं ‘किती बिट नेटवर्कचे’ एवढंच आहे. विंडोज मात्र अजून वर्गात बसलेलं आहे : पत्ता १० ने सुरू केला तर आपोआप २५५.०.०.० भरतं.
खरा शब्द हवा तो ‘मास्क’साठी. मुखवटा चुकीचा, कारण इथे कुणी सोंग घेत नाही. चाळणी म्हणा. ७० म्हणजे ०१०००११०, मास्कचे १९२ म्हणजे ११००००००. जिथे १ तिथे बिट गळून खाली येतो, जिथे ० तिथे अडतो. खाली आलं ०१००००००, म्हणजे ६४. हाच नेटवर्कचा पत्ता.

अक्षरशत्रू :
चाळणीत बारीक खाली पडतं आणि जाड वर राहतं. इथे जागा बघून अडवतात, आकार बघून नाही. चाळणी नाही, झडप म्हणा फार तर.

सूतगुंडी :
झडप बंद असली की काहीच जात नाही. इथे अडलेल्या बिटाच्या जागी ० जातो.

बाळीवेस :
गेटवेचा शब्द आपल्या सोलापुरात पडून आहे की ओ. वेस! बाळीवेस, तुळजापूर वेस, विजापूर वेस. नेटवर्क म्हणजे गाव, सबनेट म्हणजे पेठ, गेटवे म्हणजे वेस, ब्रॉडकास्ट म्हणजे दवंडी. दवंडी पेठेच्या आत पिटतात, वेशीबाहेर जात नाही. राउटरही ब्रॉडकास्ट पुढे पाठवत नाही.

अक्षरशत्रू :
वेस गावाची असते, पेठेची नाही. आणि ‘होस्ट’ला, म्हणजे नेटवर्कमधल्या मशीनला, यजमान लिहू नका एवढी विनंती. ६२ यजमान आणि पाहुणा एकही नाही.

कंबरतलाव :
पेठेला वेस नसली तरी नियम लागू पडतो : गेटवे आपल्याच सबनेटमध्ये हवा. .७०/२६ ला .१ गेटवे दिला तर विंडोज इशारा देतं, पण ‘ठेवू का’ असंही विचारतं आणि मुलं ‘हो’ दाबतात.
बाकी मुलाखतीत ‘पेठ’ कुणी विचारणार नाही. पडद्यावर ‘सबनेट मास्क’ आहे तर सबनेट मास्कच शिकवा. क्रियापद तेवढं मराठीत नीट ठेवा.

शेंगाचटणी :
तेच विचारतोय, क्रियापद. ‘ठरवा’ मला पटत नाही. ठरवायला त्याच्या हातात काय आहे? /२६ दिलेला आहे, मास्क एकच निघतो.

भुईकोट :
बघा, ‘निघतो’ म्हणालात.

सूतगुंडी :
अवांतर, पण मुलांच्या लक्षात राहील असं. १ एप्रिल १९५७ च्या आधीचा रुपया घ्या. १६ आणे, ६४ पैसे, सगळं निम्म्या-निम्म्याने. /२४ रुपया धरा. /२५ अधेली, /२६ पावली, /२७ चवली, /२८ आणा, /२९ ढब्बू, /३० पैसा. एकेक बिट वाढला की पत्तेही नेमके निम्मे, नाणंही नेमकं निम्मं. पै तेवढी बसत नाही, रुपयाच्या १९२ पै.

बाळीवेस :
१९२! मास्कमधलाच की.

सूतगुंडी :
योगायोग आहे, धागा नका लावू.

कंबरतलाव :
/३१ राहिला. दोन पत्ते, दोन्ही वापरायचे, राउटर ते राउटर दुव्यावर. आरएफसी ३०२१, साल २०००. दोन वजा दोन शून्य असं मुलं लिहून येतात, म्हणून तो वेगळा सांगावा लागतो.

सूतगुंडी :
अर्धा पैसा म्हणजे अधेला.

अक्षरशत्रू :
अधेली /२५ आणि अधेला /३१. तोंडी परीक्षेत एक वेलांटी सुटली की १२८ पत्त्यांचे २ झाले.