जिनिंगच्या बंद शेडमध्ये कलाकेंद्र: निधी आधी कशावर खर्च करावा?

प्रश्न

आमच्या तालुक्याच्या गावी स्टेशनलगतची जुनी जिनिंग-प्रेसिंग फॅक्टरी अनेक वर्षांपासून बंद आहे. यंत्रे केव्हाच भंगारात गेली. मात्र विटांच्या जाड भिंती, छप्पर पेलणाऱ्या लोखंडी कैच्या आणि रुईच्या गाठी ठेवण्याचे लांबलचक गोदाम शाबूत आहे. मालकांचे वारस ही जागा आमच्या नाट्यसंस्थेला नाममात्र भाड्याने द्यायला तयार आहेत. तालमी, छोटे प्रयोग, चित्रप्रदर्शने, मुलांचे तबला-पेटीचे वर्ग आणि भजनी मंडळांना बसायला हक्काची जागा, असा आमचा विचार आहे. छपरावर जुने सिमेंटचे पत्रे आहेत आणि भिंतींना गुडघाभर ओल चढलेली आहे. हाताशी असलेला तुटपुंजा निधी आधी छपरावर खर्चावा, भिंतींवर खर्चावा, की रंगमंच उभारून लोकांना प्रथम जागा दाखवावी, यावरून संस्थेत दोन तट पडले आहेत.

उत्तर १

जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीचे काम मी करतो, त्यामुळे माझा कौल उघड आहे: रंगमंच थांबू शकतो. पहिला खर्च स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या तपासणीवर करावा आणि कैच्यांची भिंतीत शिरलेली टोके त्याला आवर्जून पाहायला लावावीत, कारण गंज तिथेच लपून वाढतो. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस असते. ते फोडू, घासू किंवा त्यांना भोके पाडू नयेत. त्यातले तंतू श्वासावाटे फुप्फुसात जातात. पत्रे बदलायचेच असतील, तर जाणकार ठेकेदाराकडून ओले करून अखंड उतरवून घ्यावेत. नवे लोखंडी पत्रे नुसते टाकले, तर श्रावणातल्या प्रयोगाला पहिल्या रांगेतही संवाद ऐकू येणार नाहीत. म्हणून त्यांच्याखाली रॉकवूलचा (आवाज शोषणाऱ्या खनिज तंतूंचा) थर घालावा.

ओलीचे कारण बरेचदा भिंतीत नसतेच. वर्षानुवर्षे मुरूम टाकून बाहेरचे अंगण उंच झालेले असते आणि पावसाचे पाणी भिंतीला टेकून मुरते. ती माती जोत्याच्या खालपर्यंत उतरवून पाण्याला वाट करून दिली, तर फारसा पैसा न लागता निम्मे काम होते. त्या भिंती चुन्यात बांधलेल्या असतील, तर त्यांवर सिमेंटचा गिलावा कृपया करू नये. सिमेंट ओल आत कोंडून धरते आणि विटा भुसभुशीत होतात.

उत्तर २

वरील सूचना योग्यच आहेत, परंतु जागा कोण वापरणार हे ठरण्याआधी दुरुस्तीचा आराखडा कसा काढणार? ब्राझीलमधील साव पावलो शहरातले ‘सेस्क पोम्पेया’ हे केंद्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. ती मूळची पिंपे बनवणारी फॅक्टरी. वास्तुविशारद लीना बो बार्डी तिथे प्रथम गेल्या, तेव्हा सुटीच्या दिवशी आसपासची कुटुंबे त्या शेडमध्ये आधीच जमत होती, मुले खेळत होती. ते चित्र मोडायचे नाही, असे ठरवूनच त्यांनी आखणी केली: शेड पाडल्या नाहीत, भिंतींवरचा गिलावा काढून विटा उघड्या केल्या आणि त्याच छपरांखाली वाचनालय, नाट्यगृह, हस्तकलेच्या कार्यशाळा व खानावळ बसवली. केंद्राचा पहिला भाग १९८२ मध्ये खुला झाला.

तरीही त्याचे अनुकरण डोळे मिटून करू नये. ते केंद्र चालवणाऱ्या सेस्क या संस्थेला व्यापारी क्षेत्रातल्या मालकांकडून वेतनाच्या १.५ टक्के इतकी कायद्याने ठरलेली वर्गणी मिळते; तुमच्यापाशी तसे काही नाही. आपल्याकडे कामगार कल्याण मंडळाच्या निधीत कामगार आणि मालक दोघेही वर्गणी भरतात व त्यातून केंद्रे आणि नाट्यस्पर्धा चालतात, पण त्या भरवशावर तुमचे वीजबिल भागणार नाही. म्हणून गोदामाचा एक भाग सुतार, मूर्तिकार किंवा फलक रंगवणाऱ्यांना रास्त भाड्याने द्यावा. हेलसिंकीतील नोकियाच्या जुन्या केबल कारखान्यात आज शहराच्या मालकीची कंपनी गाळ्यांच्या भाड्यावरच कलाकेंद्र चालवते.

प्रश्नकर्ता

भाड्याने गाळे देण्याचा विचार आमच्या मनात आला नव्हता. वारसांशी सध्या अकरा महिन्यांचा करार करण्याचे बोलणे चालू आहे. तो पुरेसा होईल का?

उत्तर ३

मुळीच नाही. अकरा महिन्यांच्या कराराच्या जोरावर दुसऱ्याच्या छपरावर पैसा घालणे म्हणजे वारसांची जागा फुकटात दुरुस्त करून देणे होय. दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा करून तो नोंदवून घ्यावा, त्यावर सर्व वारसांच्या सह्या घ्याव्यात आणि मुदतीआधी जागा परत मागितल्यास दुरुस्तीचा खर्च कसा फेडला जाईल, हे त्यातच लिहावे. दरम्यान औद्योगिक वापराच्या जागी लोकांचे कार्यक्रम करण्याची परवानगी नगरपालिकेकडे मागावी.

आगीचा विषय मात्र कागदापुरता ठेवू नये. मुंबईतील कमला मिल्स या जुन्या गिरणीच्या आवारात २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्र उलटताच लागलेल्या आगीत १४ जणांचे प्राण गेले. गोदामाला दार बहुधा एकच आणि तेही सरकते असते. तुम्हाला परस्परांपासून दूर असलेली, बाहेर उघडणारी किमान दोन दारे लागतील. भिंत फोडून दार काढायचे असेल, तर ते काम इंजिनिअरच्या सल्ल्याने छपराच्या दुरुस्तीबरोबरच उरकून घ्यावे. तोपर्यंत प्रयोग अंगणातच करावेत.