मित्राचे नवे बूट घालून तुळजापूरला चालत जाऊ का?

लातूरचा_पायी:
कोजागिरीला लातूरहून तुळजापूर आम्ही दोघं पाच वर्षं पायी गेलो. 75 किलोमीटरच्या आसपास, दोन रात्री. तो कायम मागं. मी औशात टपरीवर चहा संपवून फोन लावायचो, तर म्हणायचा, "हे काय, मागंच आहे." आणि यायचा अर्ध्या तासानं, कुणाच्या तरी रानातल्या शेंगा खिशात घालून.

चैत्रात गेला. झोपेतच. यंदाच्या वारीसाठी त्यानं आधीच बूट घेऊन ठेवले होते. वहिनींनी परवा खोकं माझ्या हातात दिलं, आतला कागदसुद्धा निघालेला नाही. नऊ नंबर. मला आठ लागतो. वहिनी काही बोलल्या नाहीत, पण मला वाटतं ते बूट तुळजापूरला जावेत. घालून चालू का? वर्ष व्हायच्या आत जाऊ नको, असं घरचे म्हणतात. त्याचं काय करायचं?

औसेकरीण:
सुतक भावकीला असतं. मित्राला कसलं आलंय? त्याच्या घरी वर्षभर सणवार करणार नाहीत, ते वेगळं. देवी दसऱ्याला सीमोल्लंघन करून पलंगावर निजते ती पौर्णिमेला उठते. त्या दिवशी पोचायचं, एवढंच धरा.

पण कोरा बूट घालून 75 किलोमीटर? नऊ नंबर एकवेळ चालेल, पाय सुजतातच. टाच ढिली राहिली की फोड ठरलेला. आजपासून रोज तासभर घाला, जाड मोजे घालून. बोटांच्या बेचक्यात खोबरेल लावा. फोडात सुई-दोरा ओवून दोरा तसाच ठेवतात आपल्याकडं. मी ठेवत नाही, माझा पिकला होता.

उजनीकर:
दुपारी चालू नका, ऑक्टोबरचं ऊन लई वाईट. रात्री चांदणं असतंय, पण कडेनं सोयाबीन वाळत घातलेलं असतंय आणि भोवती दगड मांडलेले. मागच्या साली त्यात माझ्या अंगठ्याचं नख गेलं. बॅटरी ठेवा, ट्रकवाल्याला दिसायला पण. आणि बासुंदी खाल्ल्याशिवाय आमचं गाव ओलांडायचं नाही!

लातूरचा_पायी (पौर्णिमेनंतर):
जाऊन आलो.

रोज तासभर घालायचं काही जमलं नाही, खरं सांगतो. खोकं उघडायलाच आठ दिवस गेले. शेवटी बूट औशापर्यंत घातले, म्हणजे 20 किलोमीटर. ताईंचं खरं निघालं, डावी टाच सोलली. मग माझ्या जुन्या सँडल काढल्या आणि बूट लेसांनी बांधून सॅकला लटकवले. दोन्ही रात्री पाठीवर टकटक वाजत होते. आधी वैताग आला, पुढं सवय झाली. उजनीत बासुंदी खाल्ली. तो दोन वाट्या खायचा, मला एकच गेली.

तुळजापुरात ही गर्दी, आई राजा उदो उदो, परड्या, पोत. देवळाच्या अलीकडं एका चप्पल स्टँडवर सँडल काढल्या, बूट सोडवून शेजारी ठेवले. स्टँडवरचं पोरगं म्हणालं, "दोन जोड? दुसरं माणूस कुठाय?"

"मागंच आहे," म्हणालो.

त्यानं दोघांचे पैसे घेतले.