मदत हवी आहे: नव्या लिनक्स कर्नलला बूट होताना हार्ड डिस्कच सापडत नाही
नमस्कार मंडळी, स्वतः कंपाइल केलेला ६.१२ कर्नल (लिनक्सचा गाभा) 'अनएबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)' म्हणत पॅनिक होतो, म्हणजे रूट पार्टिशन न मिळाल्याने बूट तिथेच थांबतं. त्याआधी छापल्या जाणाऱ्या पार्टिशनांच्या यादीत एकही डिस्क नसते. जुना कर्नल याच मशीनवर नीट चालतो, म्हणजे डिस्क आणि केबल ठीक आहेत.

इनिटरामएफएस (बूट होताना मेमरीत भरली जाणारी छोटी तात्पुरती फाइलसिस्टीम) वापरत नाही, म्हणून एएचसीआय (साटा कंट्रोलरचा ड्रायव्हर) आणि ईएक्सटी४ (फाइलसिस्टीमचा ड्रायव्हर) हे वेगळे लोड होणारे मॉड्यूल न ठेवता कर्नलमध्येच घेतले. ग्रबमध्ये (बूटलोडरमध्ये) यूयूआयडीऐवजी (फाइलसिस्टीमच्या ओळख क्रमांकाऐवजी) थेट एसडीए२, म्हणजे एसडीए या डिस्कचं दुसरं पार्टिशन, दिलं. गंमत अशी की 'साटा लिंक अप' ही ओळ दिसते, पण पुढे एसडीए काही येत नाही! मेनूकॉन्फिगमधला (कर्नलचे पर्याय निवडायच्या मेनूतला) 'स्कझी डिस्क सपोर्ट' (स्कझी ही डिस्क जोडण्याची वेगळी पद्धत) मी बंद ठेवलाय. साटा डिस्कलाही तो लागतो का? आणखी काय तपासू? दोन दिवस अडकलोय, कृपया सांगा.